स्टँडवरचा कान

परंड्याच्या गाडीची वाट बघत एसटी स्टँडवर बसलेली माणसं दोन प्रकारची असतात. एक जण दर पाच मिनिटांनी चौकशीच्या खिडकीवर जाऊन डोकं खातो. दुसरा पिशवी उशाला घेऊन निवांत डुलक्या काढतो, पण भोंग्यातून 'परंडा' ऐकू आलं की ताडकन उठतो. प्रोग्रामिंगमध्ये पहिल्याला पोलिंग म्हणतात, दुसऱ्याला इव्हेंट हुक.

मी चॅटसाठी इर्सी वापरतो. टिमो सिराइनेनने १९९९ साली आणलेला, टर्मिनलमध्ये चालणारा आयआरसी क्लायंट. नुसती अक्षरं, त्यामुळे गावी एकच काडी रेंज असली तरी भागतं. चॅनेलवर कोणी काही बोललं की इर्सी आतल्या आत 'मेसेज पब्लिक' नावाचा सिग्नल सोडतो. आपण पर्लमध्ये छोटंसं फंक्शन लिहून त्या सिग्नलला अडकवायचं, बास! मजकूर, बोलणाऱ्याचं नाव, चॅनेल, सगळं फंक्शनच्या हातात आयतं येतं.

माझी पहिली स्क्रिप्ट गावाच्या ओढीनेच लिहिली होती. कोणी 'उस्मानाबाद' म्हटलं की टिंग वाजव. रोमन स्पेलिंगं घातली. देवनागरीशी जरा झटापट झाली, कारण मजकूर बाइट्समध्ये येतो, आधी यूटीएफ-८ मधून डीकोड करावा लागतो. पण चालली!

मग २०२३ साली आधी शहराचं, नंतर जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. फॉर्म भरताना मी बदललो. स्क्रिप्ट मात्र विसरलो.

परवा जुने लॉग चाळत होतो. लिनक्सच्या एका चॅनेलवर एका मुलाने विचारलं होतं, "धाराशिवचं कोणी आहे का? लॅपटॉप बूट होत नाहीये, उद्या प्रोजेक्ट सबमिशन आहे. मोबाइलवरून लिहितोय." बहुतेक ग्रबची भानगड, अर्ध्या तासाचं काम. आणि मी तेव्हा ऑनलाइन होतो! टिंग वाजलंच नाही. चाळीस मिनिटं थांबून पोरगा निघून गेला. त्याने नाव रजिस्टर केलं नव्हतं, त्यामुळे निरोप ठेवायचीही सोय नाही.

स्क्रिप्टमध्ये एरर नव्हती हो. जे ऐक म्हणून सांगितलं, तेच ती इमानाने ऐकत बसली. झोपलो होतो मी.

असो. आता यादीत दोन्ही नावं आहेत, शिवाय तुळजापूर, कळंब, भूम, परंडा, वाशी, उमरगा, लोहारा. वाशीमुळे नवी मुंबईवालेही दिवसभर टिंग टिंग करतात.

वाजू दे.