सात नंबरचा हात

कागदावर नाव नव्हतं. कोपऱ्यात सातचा आकडा आणि मध्ये पेन्सिलीने गिरवलेला डावा पंजा, एवढंच. करंगळी शेवटच्या पेराशी आत वळलेली. तर्जनी खूपच आखूड, टोकाला जवळजवळ चौकोनी. अंगठा रुंद, मुळाशी चांगलाच भरलेला. मी तो कागद घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवला आणि दोन दिवस येता-जाता नुसता बघत राहिले. सुया हातात घेण्याआधी या हाताशी ओळख व्हायला हवी होती.

मी सेंट जॉन्सला राहते. कॅनडाच्या अगदी पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे, त्याच्या टोकाला हे गाव. इथली थंडी आकड्यात फार भयंकर दिसत नाही, पण समुद्रावरून येणारा ओला वारा बाहीतून शिरतो आणि बोटांची टोकं गाठतो. भारतासारखाच इथल्या घड्याळातही अर्धा तास असतो. हिवाळ्यात नाशिक आणि सेंट जॉन्समध्ये बरोबर नऊ तासांचं अंतर पडतं, त्यामुळे माझ्या सकाळच्या दुसऱ्या चहाच्या वेळी आईने देवापाशी दिवा लावलेला असतो. आमचं रोजचं बोलणं त्या वेळचं.

सप्टेंबरपासून मी विणणाऱ्या बायकांच्या एका गटात जायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी, एका चर्चच्या तळघरात. मी धरून बारा जणी. ऑक्टोबरात प्रत्येकीने आपला हात कागदावर गिरवला, घड्या घालून सगळे कागद एका टोपीत टाकले आणि एकेक उचलला. निघालेल्या हातासाठी डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारपर्यंत मिटनची जोडी विणायची. हात कोणाचा ते विचारायचं नाही. बाकीच्या जुन्या होत्या, त्यांना एकमेकींचे हात पाठ असणार. मी नवी. मला सात नंबर म्हणजे फक्त सात नंबर.

मिटनमध्ये अंगठ्याला वेगळी खोली असते आणि चार बोटं एकाच घरात राहतात. म्हणूनच ती ऊबदार. बोटं एकमेकांना चिकटून असतात आणि आपली ऊब वाटून घेतात. बोटांच्या हातमोज्यात प्रत्येक बोट वेगळं राहतं आणि एकेकटं गारठतं. इथल्या कोळ्यांसाठी आणि शिकाऱ्यांसाठी विणतात त्या मिटनला अंगठ्यासारखीच तर्जनीही मोकळी असते. अशा मिटनला ट्रिगर मिट म्हणतात. दोरी धरायला, बंदुकीचा घोडा दाबायला एक बोट सुटं हवं म्हणून. सात नंबरसाठी तशीच जोडी करावी असं माझ्या मनात होतं. आईला फोनवर कागद दाखवला. तिने चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिला.

"अगं, या बोटाचं टोक गेलंय," ती म्हणाली. "त्याला वेगळं नको काढूस. बाकीच्यांबरोबर राहू दे. एकटं पडेल ते."

आई आयुष्यभर दोन सुयांवर स्वेटर विणत आली. टेप तिने फारसा वापरला नाही. बाळाचं टोपरं एक वीत, त्याची पट्टी चार बोटं, दादाच्या स्वेटरची बाही तीन विती आणि वर दोन बोटं. आपल्याकडे पीठ मुठीने, मीठ चिमटीने, तांदूळ ओंजळीने. घरातली सगळी मापं हातावर बेतलेली. त्या हाताचंच माप घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मिटन तिने प्रत्यक्षात पाहिलंही नव्हतं, पण कागदावरचं दुखणं तिने माझ्याआधी वाचलं.

इथली नक्षीची मिटन दोन गुंड्यांवर विणतात, एक गडद, एक फिकट. मी गर्द निळा आणि पांढरा रंग घेतला. ज्या रंगाचा टाका पडत नाही तो धागा आतून मागे मागे चालत राहतो, म्हणून विणकाम दुहेरी होतं आणि वारा अडतो. मागचा धागा जरा जरी ओढला गेला तरी वरची नक्षी आक्रसते; सैल सोडला तर आत बोटं अडकतात. तीन सुयांवर टाके, चौथी सुई विणायला, आणि गोल गोल फिरत सगळे सुलट. अंगठ्याची जागा आली की तेवढे टाके एका वेगळ्या धाग्यावर ठेवून पुढे जायचं. शेवटी परत येऊन ते उचलायचे, तेव्हा दोन्ही कोपऱ्यांत हमखास एकेक भोक राहतं. तिथे एक-दोन टाके जास्तीचे उचलून पुढच्या फेरीत जोडून टाकावे लागतात. माझ्या मते विणणारीची परीक्षा नक्षीत होत नाही, या भोकाशी होते.

पहिलं मिटन नऊ दिवसांत झालं. दुसरंही झालं आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली, तर दोन्ही डाव्या हाताची. दुसऱ्याचा अंगठा ज्या बाजूला वळायला हवा त्याच्या उलट बाजूला वळलेला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी पंजा उसवायला घेतला. दोन रंगांचे धागे एकमेकांतून सोडवत, दोन गुंडे परत गुंडाळत, पहाटेपर्यंत मनगटाच्या पट्टीशी येऊन पोचले. त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की समोरच्या कागदावर डावाच हात आहे. उजवा मी त्याच्यावरून उलटा करून धरला होता.

विणताना मी इथल्या बायकांकडून ऐकलेलं आठवत होते. 1920च्या दशकात या बेटावरच्या बऱ्याच किनारी गावांना डॉक्टर नव्हते. नर्स आणायची तर पगार कुठून द्यायचा? 1924 मध्ये 'नोनिया' ही संस्था उभी राहिली. ती गावोगाव लोकर पाठवायची, बायका विणून परत पाठवायच्या आणि त्या विक्रीतून नर्सच्या पगाराला हातभार लागायचा. दहा वर्षांनी सरकारने नर्सची जबाबदारी घेतली, पण विणकाम चालू राहिलं. वॉटर स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानात आजही हाताने विणलेलं मिळतं. मी तिथे गेले की कपाटांपाशी उगाच रेंगाळते. कुणाच्या बाळंतपणाला वेळेवर नर्स पोचली असेल, ती कुणाच्या तरी मोज्यांच्या जोडीवर.

ठरलेल्या गुरुवारी तळघरातल्या लांब टेबलावर बारा कागद मांडले. प्रत्येकीने आपण विणलेली जोडी त्या त्या हातावर ठेवली आणि मग सगळ्या आपापला हात शोधायला निघाल्या. कोणीतरी ममरांची गोष्ट काढली. नाताळानंतरच्या दिवसांत इथे लोक वेष बदलून, तोंड झाकून शेजाऱ्यांच्या घरी जातात आणि घरच्यांनी त्यांना ओळखायचं असतं. तेव्हा चेहऱ्याबरोबर हातही झाकायचे असतात, कारण हातावरून माणूस लगेच कळतो.

माझ्या कागदावर राखाडी मिटन होती, बाहेरून लाल ठिपक्यांची. तो प्रत्येक ठिपका म्हणजे न कातलेल्या लोकरीचा झुबका; टाक्याबरोबर विणून त्याची टोकं आत सोडलेली. थ्रम म्हणतात त्याला. हात घातला तर आत मेंढीच झोपलेली. आणि मनगटापाशी पट्टी जरा रुंद, सैल. मी विणणारीकडे पाहिलं. तिने माझ्या कागदावर बोट ठेवलं. गिरवताना माझी पेन्सिल बांगडीवरून उडाली होती, रेघेला दोन्हीकडे छोटे उंचवटे आले होते. तिने ते पाहून सहा टाके वाढवले होते. वाऱ्यात सोन्याची बांगडी मनगटाला चटका लावते, आणि आता ती लोकरीच्या आत होती.

सात नंबरपाशी एक आजी येऊन उभी राहिली. नेहमी दाराजवळच्या खुर्चीत बसणारी, फार न बोलणारी. डाव्या हातात मिटन सहज गेलं. आखूड तर्जनी बाकीच्यांत मिसळली, करंगळी आपल्या वळणात जाऊन बसली. तिने मूठ मिटून पाहिली, उघडली. मग उजवा. उजव्याचा अंगठा मुळाशीच अडला. सांधा सुजून गाठीसारखा झालेला, पंजाच मुळी बोटभर रुंद. ती मासे कापायच्या कारखान्यात कामाला होती, 1992 च्या जुलैत सरकारने कॉड मासेमारी थांबवेपर्यंत. सुरी उजव्या हातात, म्हणून कापलं ते डावं बोट. आणि झिजला तो उजवा. ज्या हाताने पेन्सिल धरली, त्याचं माप कागदावर आलंच नव्हतं.

"मी पुन्हा विणते," मी म्हटलं. घसा दाटून आला होता.

"माय डकी," ती म्हणाली. इथल्या म्हाताऱ्या माणसांची ही लाडाची हाक. तिने सातचा कागद उलटा केला, उजवा हात त्यावर पसरून ठेवला आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

मी मनगटापासून सुरुवात केली. अंगठ्याच्या गाठीपाशी पेन्सिल उभी धरावी लागली. बोटांच्या बेचक्यांत शिरताना तिला गुदगुल्या झाल्या असाव्यात, ती हसली, आणि हात हलू नये म्हणून मी माझा डावा हात तिच्या मनगटावर ठेवला.