कनौजचे हिवाळी अत्तर

थंडी सुरू झाली की मालेगावच्या आमच्या घरात पेटीतून दोन वस्तू बाहेर निघत. एक मरहूम अब्बांचा तपकिरी स्वेटर आणि दुसरी अत्तराची बोटभर कुपी. उन्हाळ्यात अब्बा खस किंवा गुलाब लावत. थंडीत मात्र शमामाच. जुम्याच्या नमाजला निघताना ते कापसाचे तीन-चार फाये करीत. एक स्वतःच्या कानात, बाकीचे खिशात. मशिदीत शेजारी जो बसेल त्याच्या हाती एक फाया जाई. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. एवढी एकच चैन त्यांनी आयुष्यभर केली.

त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यात कुपी तळाला आली, तेव्हा अम्मीने ती स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवली आणि सांगितले, "आता हिला कोणी हात लावू नका." पुढे दिवाळीच्या सुट्टीत कानपूरला नात्यातले लग्न निघाले. तिथून कनौज साधारण 80 किलोमीटर. हे कळल्यावर अम्मीने स्वतःच ती कुपी रुमालात बांधून आमच्या हाती दिली. "असेच मिळाले तर बघा," एवढेच म्हणाली.

वर्गात आम्ही कनौज शिकवतो ते हर्षवर्धनाची राजधानी म्हणून. प्रत्यक्षात ते गंगेकाठचे, अरुंद गल्ल्यांचे गाव आहे. नोव्हेंबरातली सकाळ, हवेत धुके, आणि बाजारात शिरताच नाकाला काय काय जाणवू लागले. कारखाना म्हणजे मोठी यंत्रे, असे मुलांना वाटत होते. आत गेलो तर मातीच्या भट्ट्यांवर तांब्याच्या देगा ओळीने मांडलेल्या आणि खाली लाकडे जळत होती.

देगेत पाणी आणि सुगंधी जिन्नस घालतात. झाकण माती आणि कापसाच्या लगद्याने बंद करतात. सुतळी गुंडाळलेल्या बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, वाफ दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात जाते. त्याला भपका म्हणतात. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ थंड होते, सुगंध तेलात उतरतो, खाली बसलेले पाणी काढून घेतात. तिथे थर्मामीटर दिसला नाही. कारागीर भपक्यावर हात ठेवतो आणि आच कमी-जास्त करतो. तयार अत्तर पूर्वापार उंटाच्या कातड्याच्या कुप्यांत ठेवतात, म्हणजे उरलेला ओलावा कातड्यातून निघून जातो.

शमामा फुलांचा नव्हे, मसाल्यांचा. गोदामात पोती उघडी होती: नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलची. एका पोत्याला ते 'छरीला' म्हणत होते. आमच्या बेगमने मूठभर उचलून हुंगले आणि हसल्या. "अहो, हे तर आपले दगडफूल!" काळ्या मसाल्यात आपण जे घालतो, तेच. नागरमोथा आणि कपूरकाचरी आपल्याकडे शिकेकाईत आणि उटण्यात जातात. म्हणजे ज्या वासाला आम्ही परमुलखातला समजत होतो, तो निम्मा आमच्याच स्वयंपाकघरात होता.

याच अत्तराला काही ठिकाणी हिना म्हणतात. मेंदीच्या फुलांचे अत्तर वेगळे, ते गुलहिना. शमाम्यात अंबर मिसळले की होते शमामतुल अंबर. सुरुवातीला त्याचा वास मसालेदार, उग्र लागतो. तासाभराने तो गोड होतो आणि संध्याकाळपर्यंत लोकरीत पावडरीसारखा मऊ उरतो. अब्बांच्या स्वेटरला यायचा तो हाच.

हा थंडीतच का लावायचा? कारण सुगंध उडतो तो उष्णतेने. मे महिन्यात शमामा लावला तर तो एकदम भडकतो आणि शेजाऱ्याचे डोके धरते. थंडीत तो सावकाश, थोडा थोडा सुटतो. गुलाबासारखे हलके अत्तर मात्र थंडीत दबून जाते. लावताना कातडी कोरडी असेल तर आधी खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, सुगंध जास्त टिकतो. कपड्यावर थेट लावू नये, तेलाचा डाग पडतो. आणि आमच्यासारख्यांनी बंद वर्गात जाताना एका थेंबावर थांबावे. सर्दी-दम्याची मुले समोर बसलेली असतात.

शेवटी आम्ही रुमाल सोडला. बुजुर्ग कारागिराने कुपी उघडली, डोळे मिटून हुंगली. "साहेब, यात शमामा थोडा आहे, साधे तेल जास्त. पण आहे तेवढा शमामा खरा आहे." आम्हाला ते लागले. अब्बांचे अत्तर अस्सल, असे आम्ही लहानपणापासून लोकांना सांगत आलो होतो. तो म्हणाला, "चंदन महागले. मजुराला परवडेल असे करायचे तर असेच करावे लागते." मग अस्सल शमाम्याचा तोळ्याचा भाव सांगितला. तो आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढा होता. अब्बांना कधी परवडला असता? ज्यांना स्वतःपुरते पुरेसे नव्हते, ते वाटत होते, हे तिथे भट्टीसमोर उभे असताना आमच्या ध्यानात आले. आपल्याला वाईट वाटले याचीच मग शरम वाटली.

आम्ही पाव तोळा घेतले.

घरी आल्यावर अम्मीने नवी कुपी मनगटावर लावून बघितली. बराच वेळ हुंगत राहिली. "चांगले आहे. फार चांगले आहे. पण यांचे नव्हे." जुनी कुपी तिने परत पेटीत ठेवली. नवी आमच्या मुलापुढे केली. "तुझे दादा फाये करायचे. ये, दाखवते."

त्या जुम्याला मुलाने खिशातून फाया काढून शेजारच्या बुजुर्गांपुढे धरला. अत्तर देऊ केले तर नाकारू नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण. त्यांनी फाया कानात ठेवला, दोन्ही हातांनी मुलाचा हात धरला आणि म्हणाले, "बेटा, तुझ्या दादांनंतर या सफेत आज फाया आला."

घरी येऊन अम्मीला हे सांगितले. ती काही बोलली नाही. पेटीतून तो तपकिरी स्वेटर काढला आणि मुलाच्या पाठीला लावून बघितला. "अजून दोन वर्षे," म्हणाली, आणि घडी करून ठेवला.