विटांमधला माल

साखरपुड्याला सात आठवडे उरले होते आणि माझ्या गालांवर मुरमांचे जुने डाग होते. बेंगळुरूत ऑफिसजवळच्या एका पार्लरमध्ये मी केमिकल पील करून घ्यायचं ठरवलं. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं. ‘उसातलं असतं, नैसर्गिकच आहे,’ तिथल्या बाई म्हणाल्या. उसात ते असतं हे खरं, पण बाटलीतलं बहुतेक कारखान्यात तयार होतं, हे मला नंतर कळलं. आम्हा लातूरकडच्या माणसांचा उसाचं नाव काढलं की लगेच विश्वास बसतो. त्याची पाती अंग कापतात, ते तेवढं आठवत नाही.

पहिल्या वेळी चेहरा चुरचुरला. ‘जळजळतंय म्हणजे काम करतंय,’ बाई म्हणाल्या. तीन-चार दिवसांनी पापुद्रे निघाले आणि खालून गुळगुळीत गाल वर आले. मला हाव सुटली. पुढच्या वेळेसाठी निदान दोन आठवडे थांबायचं होतं. मी आठव्या दिवशी गेले. त्यांनीही नको म्हटलं नाही. शिवाय रात्री घरी रेटिनॉलची क्रीम होतीच. मग एका सकाळी साध्या पाण्यानं तोंड धुतलं आणि किंचाळले. चेहरा लालबुंद, वर ताणलेल्या प्लास्टिकसारखी चकाकी. रडू आलं, तर आसवांचीही आग होत होती.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलं. ‘वरचा थर म्हणजे भिंत समजा,’ त्या म्हणाल्या. ‘मृत पेशी या विटा. मध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्धाम्लं यांचा गिलावा.’

‘गिलावा बाहेरून करतात,’ मी म्हटलं. ‘विटांमध्ये असतो तो माल.’

माझे वडील गवंडी आहेत, हे त्यांना सांगावं लागलं.

अशी पंधरा-वीस पापुद्र्यांची भिंत, कागदाहूनही पातळ. आतलं पाणी आत ठेवते, बाहेरचं बाहेर. अ‍ॅसिड पेशींना धरून ठेवणारे दुवे सैल करतं. जाणत्या हातानं, बेतानं केलं तर ही भिंत काही दिवसांत पुन्हा सांधते. मुरमांवर, वांगावर डॉक्टर पील करतात ते उगाच नव्हे. मी ती सांधायच्या आत पुन्हा उकरली होती. जाहिरातींत ‘मृत पेशी’ हे शब्द केर काढल्यासारखे येतात. मीही त्यांना केरच समजत होते. त्यात आपली सावळी त्वचा दुखावली की जास्त रंग बनवते. मुरमांच्या डागांच्या जागी त्यांहून काळे, मोठे डाग उमटले. साखरपुडा मेकअपच्या जाड थराखाली पार पडला. फोटो मी अजून कुणाला पाठवलेले नाहीत.

त्या वेळी घरी गेले तेव्हा अण्णांनी चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘काय लावून घेतलीस गं?’ एवढंच विचारलं. मी ‘अ‍ॅसिड’ म्हणाले, तर ते फरशी धुण्याचंच समजले.

त्यांचे हात मी लहानपणापासून पाहते आहे. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास असतो. कालवलेल्या ओल्या सिमेंटचा बारा-तेरा. चाळीस वर्षं ते त्यात हात घालत आले. हातमोज्यांनी थापीवरची पकड सुटते म्हणतात. बोटांच्या पेरांना चिरा, त्यांत करडी रेघ, आणि झोपताना खोबरेल. आई त्या हातांना लिंबू लावू द्यायची नाही. तिला सामू माहीत नव्हता, आग माहीत होती.

रात्री मी चेहऱ्याला डॉक्टरांची क्रीम लावत होते. अण्णा शेजारी बसले होते. मी त्यांचा हात ओढला आणि ट्यूब चिरांवर पिळली. त्यांनी बोटं चोळली, वास घेतला.

‘केवढ्याची?’

मी निम्मी किंमत सांगितली. तरी त्यांनी हात मागे घेतला आणि झाकण स्वतः घट्ट लावलं.