कारणाचा रकाना

माझं लहानपण नाशिकरोडला गेलं. देवळाली कॅम्प तिथून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. या देवळालीवरून इंग्रजीत एक शब्द आला आहे, हे मला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर असताना कळलं. 'डुलाली' म्हणजे डोकं फिरलेला. मूळ प्रयोग 'डुलाली टॅप' असा होता, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे चक्क आपला ताप. मायदेशी परतणारे ब्रिटिश शिपाई देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत बसायचे. मुंबईहून फौजेच्या बोटी थंडीच्या दिवसांत सुटत. हंगाम हुकला की पुढचा उन्हाळा आणि पावसाळा छावणीतच. हाताला काम नाही, सोबतीला मलेरिया आणि दारू. त्यात काहींचं डोकं फिरायचं.

बरेच दिवस मी ही गोष्ट मित्रांना गंमत म्हणून सांगत असे. मग कधीतरी साधा प्रश्न पडला: घरी पोचल्यावर या माणसांचं काय होत असेल? पेन्शन कोणाला मिळत असेल?

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश शिपायांचे सेवामुक्तीचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. छापील फॉर्म, वर्षानुवर्षं जवळपास सारखेच. वय, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, फौजेत येण्याआधीचा धंदा, सेवेची वर्षं आणि दिवस, वर्तणूक. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे असा कागद दिसला की मला आधी डेटाबेसचं टेबल दिसतं. हे टेबल नीटनेटकं आहे. वैद्यकीय कारणाने नाव कमी होणार असेल तर त्यात डॉक्टरचा अहवालही यायचा, आणि त्यात एका गोष्टीचा खुलासा लागायचा: हे अपंगत्व नोकरीमुळे आलं, की दारू, व्यसन, गैरवर्तन यांमुळे?

पेन्शनचा निकाल चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलचे कमिशनर देत, पण त्यांच्यासमोर जाई तो हा कागद. म्हणजे देवळालीत वाट बघून वेडा झालेल्या आणि त्या काळात पिऊ लागलेल्या माणसाचं सगळं पुढचं आयुष्य या एका उत्तरावर अडकलेलं. त्याला फौजेने तिथे बसवून ठेवलं हे कारण, की तो प्यायला हे कारण? दोन्ही खरं असलं तरी रकाना एकच. आणि तो भरणारा डॉक्टर फौजेचा.

आजारी, जखमी शिपाई बोटीने साउदम्प्टनच्या खाडीपर्यंत यायचे. तिथे काठावर नेटलीचं रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटल होतं. क्रायमियाच्या युद्धात शिपायांचे जे हाल झाले त्यानंतर ते बांधायला घेतलं. १८५६ मध्ये राणीने पायाभरणी केली, १८६३ मध्ये ते सुरू झालं. इमारत जवळजवळ पाव मैल लांब. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने आराखड्यालाच हरकत घेतली होती, पण तोवर काम पुढे गेलं होतं. समुद्राकडच्या बाजूला लांबलचक व्हरांडे आणि रोग्यांच्या खोल्या मागच्या बाजूला. पाहणाऱ्यासाठी देखणी, राहणाऱ्यासाठी गैरसोयीची. १८७० मध्ये तिथे मनोरुग्ण शिपायांसाठी वेगळी इमारतही झाली.

याच नेटलीत १८७९ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक हिच नावाचा बावीस वर्षांचा शिपाई होता. लंडनजवळच्या एडमंटनचा, बांधकामावर मजुरी करणारा. १८७७ मध्ये भरती झाला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं; सहीच्या जागी त्याने फुली मारली. चोविसाव्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनबरोबर तो दक्षिण आफ्रिकेत गेला. २२ जानेवारी १८७९ रोजी रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यावर झुलू सैन्य चालून आलं. ठाण्यात आजारी धरून दीडशेच्या आसपास माणसं होती, समोर काही हजार. झुलू स्वतःच्या मुलखावर आलेल्या फौजेशी लढत होते, हेही विसरायला नको.

त्या रात्री गोळी लागून हिचच्या उजव्या खांद्याचा चुरा झाला. बंदूक उचलता येईना, तेव्हा तो लेफ्टनंट ब्रॉमहेडच्या पिस्तुलाने एका हाताने लढला. तेही जमेना तेव्हा इतरांना काडतुसं पोचवत राहिला. नंतर त्याच्या खांद्यातून हाडाचे एकोणचाळीस तुकडे काढले, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. १२ ऑगस्ट १८७९ रोजी नेटलीत राणी व्हिक्टोरियाने आपल्या हाताने त्याला व्हिक्टोरिया क्रॉस लावला. त्याबरोबर वर्षाला दहा पौंड. आणि त्याच उन्हाळ्यात फौजेने त्याला नोकरीस अपात्र ठरवून घरी पाठवलं. नोकरी जेमतेम अडीच वर्षांची.

हिचचा कारणाचा रकाना सोपा होता. शत्रूची गोळी, तीही सगळ्यांदेखत.

इथे मला माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. मी पाचवीत असताना सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सात-आठ माणसांची शेड. प्रेसचा गार्ड काढलेला होता, कारण गार्ड लावला की नगांची संख्या कमी भरायची आणि संध्याकाळी शेठ हिशेब मागायचे. तिथे सगळेच गार्डशिवाय काम करत. पण कागदावर लिहिलं गेलं ते इतकंच: 'सुरक्षा गार्ड कामगाराने स्वतः काढला.' बाबांनी डाव्या हाताने सही केली. दवाखान्याचा खर्च आणि वर थोडे पैसे मिळाले. विषय संपला.

पुढे मी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा वाचला. जखमेने मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं नसेल, तर मालकाला जबाबदारीतून सुटायच्या तीन वाटा त्यात दिल्या होत्या: कामगार दारूच्या किंवा नशेच्या अंमलाखाली होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षा साधन जाणूनबुजून काढलं. वाचताना मला चेल्सीचा तोच जुना प्रश्न ऐकू आला. दोष कोणाचा? आणि 'जाणूनबुजून' या शब्दात संध्याकाळचा हिशेब बसत नाही.

तरी मला फॉर्मचा राग येत नाही. फुली मारणाऱ्या माणसाला फौजेशी बांधून ठेवणारा तोच एक कागद होता. तो नसता तर मागायला काहीच उरलं नसतं. माझी हरकत एवढीच, की रकाना भरतो तो ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याचा माणूस. हिचची हकिकत त्याच्या तोंडून आपल्यापर्यंत आली कारण त्याच्या छातीवर क्रॉस होता आणि लोकांना ती ऐकायची होती. बाबांना कोणी विचारलंच नाही.

सध्या मी ज्या टीममध्ये आहे ती अपघात विम्याचे दावे नोंदवण्याचं सॉफ्टवेअर बनवते. 'कारण' हा ड्रॉपडाऊन आहे, नऊ पर्याय. मी त्याच्याखाली मोकळा रकाना मागितला: जखमी माणसाचं म्हणणं, त्याच्या भाषेत, हवं तर आवाजात. 'त्याचं विश्लेषण करता येणार नाही' म्हणून दोन बैठका तो अडला. तिसऱ्या बैठकीत मंजूर झाला, सक्तीचा नाही, ऐच्छिक म्हणून. ऐच्छिक तर ऐच्छिक.

हिच पुढे लंडनमध्ये दरवानाच्या गणवेशात उभा राहिला. १९०१ मध्ये त्याचं पदक चोरीला गेलं. मग त्याने घोड्याची कॅब चालवली, मग मोटारटॅक्सी. ६ जानेवारी १९१३ रोजी तो गेला तेव्हा लंडनचे टॅक्सीवाले संपावर होते, आणि ते मोठ्या संख्येने त्याच्या अंत्ययात्रेला आले. अपात्र ठरल्यानंतरची तेहेतीस वर्षं तो कामच करत होता.

बाबाही करतात. वर्कशॉप सुटल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं, आणि आता एका हार्डवेअरच्या दुकानात बिलं लिहितात. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.