झिजलेले कलदार

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाला अजूनही चांदीचे कलदार बाहेर निघतात. हळदीकुंकवाने माखलेले, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. पांढुर्ण्याच्या मावशीकडेही अशी एक थैली होती. मुलांत वाटणी करायची म्हणून तिने ती एका दुकानात दाखवली. "फार झिजलेत, निम्म्या भावाने घेऊ," असं उत्तर मिळालं. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिने मला बोलावून घेतलं.

ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, भिंग आणि शिवणाचा दोरा मी सोबत नेला. राणीछाप रुपया टाकसाळीतून निघाला तेव्हा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तोळाभर होता आणि त्यात चांदी शेकडा ९१.६७. मावशीच्या थैलीतला सगळ्यात झिजका रुपया काट्यावर ठेवला. राणीच्या चेहऱ्याची नुसती कड उरली होती, साल भिंगातूनही अर्धंच दिसत होतं. वजन भरलं ११.३१. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात असं सोडलं की ते बुडाला वा कडेला टेकणार नाही. काटा १.१० वर थांबला. भागाकार १०.२८. या चांदीची घनता १०.३ च्या आसपास असते. रुपया अस्सल होता. झीज झाली होती जेमतेम तीन टक्के.

थैलीत एक रुपया मात्र नवाकोरा दिसत होता, साल १९११. मावशीच्या थोरल्याने तो अलीकडेच बाहेरून घेतला होता. त्या वर्षीच्या नाण्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने नाणी परत घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. म्हणून हे साल महाग आणि म्हणूनच त्याची नक्कलही होते. याची अक्षरं मऊ होती, पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि काठावर ओतकामाची शिवण. पाण्यातला हिशेब आला ८.६.

"मंग हा खोटा हाये का रे?" मावशीने विचारलं. मी मान हलवली.

काही रुपये १९४३ च्या आसपासचे निघाले. ते खरेच, पण १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच उरली. ते वेगळे ठेवले. दोन रुपयांना माळेची कडी झाळल्याची खूण होती. अशा नाण्याला संग्राहक फारसा भाव देत नाही, चांदीचे पैसे मात्र पुरते येतात.

मावशीने तीन ढीग करून वाटणी केली आणि दुकानात पुन्हा गेली नाही.

तुमच्या घरी असे रुपये असतील तर चिंच-राखेने घासू नका. घासलेल्या नाण्याची संग्राहकांकडची किंमत घटते. आधी साल वाचा, मग वजन करा, पाण्यात तोला आणि त्या दिवसाचा चांदीचा भाव विचारा. शेतात नांगराला हंडा लागला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवा. आणि "झिजलंय" एवढ्या एका शब्दावर आजीची ठेव निम्म्या भावात देऊन टाकू नका.