भिगवणच्या काठावर

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन भिगवणला गेलो. उजनी धरणात अडवलेले भीमेचे पाणी इथवर पसरले आहे. लोक रोहित पक्षी पाहायला येतात. आमच्या धाकटीला मात्र मासा धरायचा होता. गळ, दोरा, शिसे सोबत होते. परवानगी विचारून काठावर बसलो. तासभर काहीच लागेना.

शेजारी बसलेले एक वृद्ध मच्छीमार चाचा हसले. "गुरुजी, कोणता मासा हवा, ते आधी ठरवा."

कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून कटल्यासाठी थर्माकोलच्या तुकड्याखाली आखूड दोरा, रोहूसाठी लांब; मृगळासाठी शिसे लावून आमिष थेट तळाला. आमिष म्हणजे कणीक आणि शेंगदाण्याची पेंड, घट्ट मळलेली. सैल गोळी पाण्यात लगेच विरते.

आम्ही तसे केले आणि दोरा तसाच ठेवून जेवायला बसलो. उठून पाहतो तो वीतभर मृगळाने गळ पार घशात गिळलेला. काढताना तो मेला. धाकटीने डबा बाजूला सारला.

"दोरा सोडून उठायचे नाही," चाचा एवढेच म्हणाले.

मग आमचे बोट दोऱ्यावरून हलले नाही. हिसका बसताच धाकटीने ओढले. छोटा रोहू, गळ फक्त ओठात. तिने ओल्या हातांनी त्याला पाण्यात सोडले आणि म्हणाली, "अब्बू, आता भूक लागली."