घुट्याची थोरली बहीण

मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द मोठा उदार मनाचा आहे. एस. टी. स्टँडासमोर पत्र्याच्या आडोशाला मिसळ मिळते तेही हॉटेल, आणि परदेशचे राष्ट्राध्यक्ष जिथे उतरतात तेही हॉटेलच! माझा जन्म पहिल्या प्रकारच्या हॉटेलांत गेला. म्हणून हरिद्वारची यात्रा आटोपून दिल्लीत एक मुक्काम करायचा ठरला, आणि आमच्या कन्येने ‘बुखारा’त जेवायचे टुमणे लावले, तेव्हा मी ते दोन दिवस कानाआड केले. पण बारावीला चांगले गुण मिळाले तर मागशील ते देईन, असे वचन मी तिला देऊन बसलो होतो. वचन देणाऱ्यांची ही खोड दशरथापासूनची आहे.

पैशांपेक्षा मोठी अडचण आईची होती. आम्ही कराडकडचे. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मटणाच्या नुसत्या वासानेही तिचा पदर नाकाला जातो. आणि ‘बुखारा’ची कीर्ती तर सळईवर भाजलेल्या मांसाची! सौ.ने तोड काढली, “आत्याबाईंना खोलीवरच दहीभात देऊ आणि आपण तिघं जाऊन येऊ.” आई तत्परतेने म्हणाली, “जावा की. माझं मी बघती.”

‘माझं मी बघती’ हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. आमच्या घरी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग सुनांची, आणि सगळ्यांचे उरकले की चुलीपुढे एका थाळीत आई. तिच्या ताटात काय उरत असे, हे पाहण्याचा कुणाचा रिवाज नव्हता. त्या संध्याकाळी मात्र ते शब्द मला सोसवेनात. मी जाहीर केले : जाऊ तर चौघे, नाहीतर कुणीच नाही.

सरदार पटेल मार्गावरच्या मौर्य हॉटेलात हे ‘बुखारा’ सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून आहे. जगातल्या पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादीत त्याचे नाव एकेकाळी झळकले होते. २००० साली अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन इथे जेवून गेले, आणि त्या भेटीची आठवण म्हणून अध्यक्षांच्या नावाचा एक थाळाच इथल्या यादीत आला. हे सारे कन्येने मला टॅक्सीत ऐकवले. मी मनातल्या मनात काट्याचा हात कुठला आणि सुरीचा कुठला याची उजळणी करीत होतो.

आणि आत गेलो तर काटे नाहीत, सुऱ्या नाहीत! बुटक्या बैठकी, खडबडीत दगडी भिंती, आणि हाताने जेवायचे. कपड्यांवर सांडू नये म्हणून गळ्यात चौकड्यांचे कापड बांधतात. लहान मुलांच्या लाळेऱ्याला मोठ्यांच्या मापाचे करावे, तसे. शेजारी सुटाबुटातले दोन गोरे साहेब लाळेरी बांधून बोटे चाटत होते. आईने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि तिची भीड पार चेपली. मुदपाकखाना काचेपलीकडे उघडाच. तिथे सळया तंदुरात उतरत होत्या. आईने तिकडे पाठ करून बसायची जागा निवडली, एवढेच.

यादी आली. जिच्या हट्टापायी हा सारा खटाटोप, ती कन्या हळूच म्हणाली, “आपण आज सगळं शाकाहारीच मागवू या, बाबा. आज्जी आहे ना.” त्या पोरीने आठवडाभर मटणाच्या रानेचे स्वप्न पाहिले होते.

डाळ आली. पंजाब आणि पेशावराकडची तंदुराची रांधणी दिल्लीच्या हॉटेलांत रुजली ती १९४७ नंतर, फाळणीने घरदार सुटलेल्या माणसांनी दर्यागंजासारख्या भागात भट्ट्या पेटवल्या तेव्हा. या काळ्या डाळीचे गोत्र तेच. अख्खे काळे उडीद, टोमॅटो, लोणी, साय; आणि मंद निखाऱ्यांवर रात्रभर शिजणे. दाणा मोडत नाही, पण जिभेवर ठेवला की विरघळतो.

आईने नानाचा तुकडा बुडवून तोंडात घातला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आरं, हे तर घुटंच की!”

घुटे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातारा-कऱ्हाडकडे उडदाची डाळ शिजवून रवीने घोटतात, लसूण-मिरचीचा ठेचा घालतात, आणि भाकरी कुस्करून ओरपतात. घोटायचे म्हणून घुटे. व्युत्पत्तीला कोशाची गरज नाही. गरिबाघरचे कालवण! त्याची ही थोरली बहीण दिल्लीला नांदायला येऊन लोण्यासायीने बाळसे धरून बसली होती.

मग आईला चेव आला. तिने पळी उचलली आणि सवयीने सुनेला, नातीला, मला वाढू लागली. वाढपी धावत आला. विशी-बाविशीचा पोरगा. “माताजी, आप बैठिए,” म्हणत त्याने पळी अलगद काढून घेतली आणि पहिल्यांदा तिच्याच वाटीत डाळ वाढली. आई कावरीबावरी झाली. तिचे हात काही वेळ मांडीवर तसेच पडून होते. मग ती जेवू लागली. गरम, सावकाश, दुसऱ्याने वाढलेले. पोरगा दोनदा आग्रह करून गेला आणि दोन्ही वेळा तिने नको म्हटले नाही. सौ. माझ्याकडे पाहत होती. मी वाटीत पाहत होतो.

बिल आले. त्याचा आकडा मी मनात ठेवला आहे. एका महिन्याच्या वाणसामानाशी त्याचे बऱ्यापैकी जमत होते.

उठताना आईने त्या पोराला विचारले, “रातभर डाळीपाशी कोण बसतंय?” मी हिंदी केले. तो हसून म्हणाला, “भट्टीवाले.” तिने पुढे विचारले, “आन् तू कवा जेवतोस?”

“सब के बाद, माताजी.”

याचे मराठी करायची गरज पडली नाही. आईने पदराच्या गाठीतून हरिद्वारचा प्रसाद काढला, चार बत्तासे त्याच्या तळहातावर ठेवले आणि मूठ मिटवली.

दुसऱ्या दिवशी गाडीत, भोपाळ मागे पडेपर्यंत तिने त्या जेवणाचा विषय काढला नाही. मग एकाएकी सुनेला म्हणाली, “टमाटं कशाला घातलं असंल गं? आंबट झालं की जरासं.”